निदान आणि दोष

पोवळे म्हटले की माझ्या डोळ्यांपुढे थोरल्या काकांची अंगठी येते. त्यांच्या पत्रिकेत मंगळ वाकडा होता आणि तो सरळ व्हावा म्हणून कोणा ज्योतिष्याच्या सांगण्यावरून त्यांनी पोवळ्याचा खडा बोटात घातला होता. मंगळ सरळ झाला की नाही हे मला सांगता येणार नाही. काकांचा संताप मात्र अखेरपर्यंत कमी झाला नाही. त्याखेरीज पोवळ्याशी माझा संबंध म्हणजे औषधांच्या दुकानातली प्रवाळपिष्टीची बाटली. हे पोवळे जिवंत असते, त्याला भूक लागते, ते आजारी पडते, आणि त्याच्या आजाराबद्दल रात्री साडेदहाला आपल्याला कोणी सल्ला विचारील, हे वयाच्या ६७ व्या वर्षापर्यंत माझ्या स्वप्नातही आले नव्हते.

मी राहतो सुरगाण्याला. नाशिक जिल्ह्याच्या अगदी वायव्येला, गुजरातच्या हद्दीला टेकलेला हा डोंगराळ तालुका. एके काळी हे छोटेसे संस्थान होते. इथे पाऊस धो धो पडतो, नागली पिकते, अलीकडे बोरगावच्या बाजूला स्ट्रॉबेरीही होऊ लागली आहे. समुद्र मात्र इथे कोणी पाहिलेला नसतो. आमच्या नार आणि पार या नद्या डोंगर उतरून गुजरातेत शिरतात आणि अरबी समुद्राला जाऊन मिळतात, एवढाच आमचा त्याच्याशी संबंध. तीस वर्षे मी या गावात डॉक्टरकी केली. सर्पदंश पाहिले, बाळंतपणे केली, जुलाबांच्या साथी पाहिल्या. पोवळे कधी पाहिले नाही.

आमची धाकटी मुलगी न्यू जर्सीत असते. तिच्या दिवाणखान्यात चार फूट लांबीची काचेची पेटी आहे आणि तीत खारे पाणी भरून तिने एक लहानसा समुद्र मांडला आहे. आपल्याकडे हे करता येत नाही, हे तुम्हाला सांगितले पाहिजे. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्याने २००१ सालापासून सगळी दगडी पोवळी पहिल्या अनुसूचीत घातली आहेत. म्हणजे ज्या पंक्तीला वाघ बसतो त्याच पंक्तीला ती बसतात. वाघ जसा घरात बांधता येत नाही तसे पोवळेही ठेवता येत नाही. ती आपल्याकडे नाहीत असे मात्र समजू नका. मालवणला सिंधुदुर्गाच्या आसपास आहेत, विजयदुर्गासमोर सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर आहेत, आणि खुद्द मुंबईत, जिथे कोणाला खरे वाटणार नाही अशा हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरही होती. किनारी रस्ता बांधताना तिथल्या १८ वसाहती २०२० साली उचलून दुसरीकडे नेण्यात आल्या. अमेरिकेत मात्र पेट्यांतच वाढवलेल्या पोवळ्यांचे तुकडे रीतसर विकत मिळतात. एखाद्या शेजारणीकडून आपण जास्वंदीची फांदी आणावी तसा तिथले लोक एकमेकांकडून पोवळ्याचा तुकडा आणतात आणि दगडावर चिकटवतात.

तर त्या रविवारी मुलीचा चेहरा फोनवर दिसला तो रडवेला.

“बाबा, माझ्या हॅमरला काय झालंय ते बघा ना!”

हॅमर म्हणजे हातोडी. त्या पोवळ्याच्या बोटांची टोके हातोडीसारखी असतात म्हणून हे नाव. तिने फोन काचेशी नेला. एरवी पाण्यात डुलणारी ती हिरवट-तपकिरी बोटे आखडून गेली होती, रंग उडून फिकट दुधासारखा झाला होता. “अगं, मी माणसांचा डॉक्टर. तेही निवृत्त,” असे मी म्हणालो. पण पोटच्या पोरीपुढे असले युक्तिवाद चालत नाहीत.

मग तिने मला शिकवले आणि मी शिकलो. या वयात शिकण्याची मजा काही और असते, परीक्षा नसते. पोवळे म्हणजे एक प्राणी नव्हे, प्राण्यांची वस्ती. खालचा दगडी सांगाडा त्यांनीच बांधलेला. आणि त्या प्राण्याच्या अंगात, अगदी मांसात, डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शेवाळ राहते. ते प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा घरमालकाला भाडे म्हणून देते. पोवळ्याचा बराचसा रंग त्या भाडेकरूचा. पोवळ्यावर ताण आला, पाणी तापले किंवा उजेड सोसेनासा झाला, की ते या भाडेकरूला बाहेर काढते, आणि मग पारदर्शक मांसातून खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. पांढरे पोवळे म्हणजे मेलेले पोवळे नव्हे. ते उपाशी असते. काही आठवड्यांत परिस्थिती सुधारली तर शेवाळ पुन्हा वस्तीला येते. नाही सुधारली तर मात्र मांसच झडते, आणि मग उरतो तो काकांच्या खड्याचा भाऊबंद.

पोवळे हा प्राणी आहे हे शास्त्रज्ञांनाही सहजासहजी पटले नव्हते. अठराव्या शतकात पेसोनेल नावाच्या मार्सेयच्या एका डॉक्टरने तांबड्या पोवळ्याची ‘फुले’ निरखली आणि ती फुले नसून प्राणी आहेत असे कळवले. १७२७ साली रेओम्यूर या मोठ्या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या अकादमीपुढे ते म्हणणे मांडले, पण त्याला ते इतके वेडगळ वाटत होते की बिचाऱ्याची शोभा होऊ नये म्हणून त्याने पेसोनेलचे नावच घेतले नाही. पुढे डॉक्टरचेच खरे ठरले. लाज राखण्यासाठी माणसे काय काय झाकतात, याचा हा एक नमुना म्हणून मी तो इथे नोंदवून ठेवतो. पुढे त्याचा उपयोग आहे.

मुलीने रोग्याची कागदपत्रे तयारच ठेवली होती. पाण्याची उष्णता साडेपंचवीस अंश. क्षार हजारी पस्तीस, म्हणजे खऱ्या समुद्राइतके. कॅल्शियम ४२० च्या आसपास. अल्कता ठीक, नायट्रेट थोडे, फॉस्फेट नावापुरते. हेही मला नवे होते की ही दोन्ही अगदी शून्यावर आली तरी पोवळे फिके पडते. पाणी फार स्वच्छ झाले तर तेही सोसत नाही. सोवळ्याचा अतिरेक समुद्रालाही मानवत नाही तर!

म्हणजे तपासण्या सगळ्या बऱ्या होत्या आणि रोगी वाईट होता. असा रोगी डॉक्टरला फार छळतो. “मग तू काय केलंस?” असे मी विचारले, आणि तिने जी यादी वाचली ती ऐकून मला माझे उमेदवारीचे दिवस आठवले. पहिल्या दिवशी तिने पोवळे दुसऱ्या दगडावर हलवले. तिसऱ्या दिवशी आयोडीनच्या पाण्यात बुचकळून काढले, कीड असली तर मरावी म्हणून. चौथ्या दिवशी निम्मे पाणी बदलले. मग पिचकारीने भरवायला सुरुवात केली. मग पुन्हा जागा बदलली. मग आणखी एक बाटली. दहा दिवसांत सहा उपाय! रोग्याने कोणत्या उपायाला काय उत्तर दिले हे समजायला त्याला बिचाऱ्याला श्वास घ्यायलाही सवड मिळाली नव्हती.

मी तिला रागावलो नाही. कारण ते सहाही उपाय पोवळ्यासाठी नव्हते हे मला दिसत होते. ते तिच्या स्वतःसाठी होते. समोर जीव तडफडत असताना हात जोडून बसणे फार कठीण जाते; काहीतरी केले की करणाऱ्याचा ताप उतरतो. माझ्याकडे येणारी माणसे ‘सुई मारा’ म्हणून हटून बसत, आणि खरे सांगतो, कित्येकदा मी ती मारली, ती त्यांच्यासाठी नव्हे. दवाखान्यात गर्दी होती आणि मला ते प्रकरण संपवायचे होते.

मग मी जुन्या सवयीने विचारले, “हे सुरू केव्हा झालं? आणि त्याच्या आधी काय बदललं?”

“काही नाही बदललं, बाबा.”

हे उत्तर तिने फार चटकन दिले. तीस वर्षे रोग्यांची उत्तरे ऐकलेल्या कानाला चटकन आलेले ‘काही नाही’ बरोबर कळते. मी गप्प बसलो. पलीकडे काचेच्या पेटीवरचा दिवा फार लख्ख दिसत होता. मागच्या वर्षी आम्ही गेलो होतो तेव्हा तो इतका लख्ख असल्याचे मला आठवत नव्हते.

“दिवा नवा आहे का?”

ती थोडी थांबली. मग आवाज बारीक करून म्हणाली, “ह्यांनी वाढदिवसाला दिला. महिना झाला. बाबा, त्यांनी किती हौसेनं आणलाय! पगारातून बाजूला काढून काढून.”

जावई स्वयंपाकघरात होते. ते ऐकतील म्हणून ती हळू बोलत होती. तिला दिव्याचा संशय पहिल्याच आठवड्यात आला होता. पण दिवा दोषी ठरला असता तर नवऱ्याची भेट दोषी ठरली असती, आणि म्हणून तिने पाणी तपासले, कीड शोधली, पोवळ्याला जागोजाग फिरवले. दिव्याकडे मात्र वर मान करून पाहिले नाही. आणि रोग होता तो तिथेच. उजेड फार झाला की अंगातले ते शेवाळ गरजेपेक्षा जास्त राबू लागते आणि त्याच्या राबण्यातून घातक रूपातला प्राणवायू तयार होतो. जो अन्न देई तोच विष देऊ लागतो. मग पोवळे त्याला घालवून देते. नवा दिवा लावायचा तर तो आठवडे दोन आठवडे मंद ठेवून हळूहळू वाढवायचा असतो. त्या भल्या माणसाने प्रेमाच्या भरात पहिल्याच दिवशी पूर्ण लावला होता.

फोन ठेवल्यावर मला झोप आली नाही. पोवळ्याचे नव्हते ते. मला १९८८ च्या पावसाळ्यातली एक रात्र आठवली.

त्या वेळी माझा दवाखाना नवा होता आणि माझा आवाज मोठा होता. पाड्यावरचे लोक आधी भगताकडे जात, तो काय करील ते करून घेत, आणि गळ्याशी आले की माझ्याकडे येत. याचा मला भयंकर संताप येई. आलेल्या आईबापांना मी सगळ्यांदेखत फैलावर घेई. ‘आठ दिवस काय झोपला होतात?’ हे माझे ठरलेले वाक्य. आपण समाजसुधारणा करीत आहोत अशी माझी समजूत होती. तिचा परिणाम व्हायचा तो झाला. लोकांनी भगताकडे जाणे सोडले नाही. मला सांगणे सोडले.

त्या रात्री एक आई दीड वर्षाचे पोर घेऊन आली. पोर जुलाबाने मलूल झालेले, डोळे खोल गेलेले. गाल मात्र गुबगुबीत. “कधीपासून?” मी ओरडलोच. “काल,” ती म्हणाली. कालपासूनचे जुलाब आणि अंगाने बरे दिसणारे पोर, म्हणजे पाणी गेले आहे, ते भराभर भरून काढले पाहिजे. मी सलाईन लावले आणि वेगाने सोडले. तासाभरात पोराचा श्वास वाढला. मी वेग आणखी वाढवणार होतो.

दवाखान्यात मला मदतीला एक मावशी होती. ती त्याच बाजूची, कोकणा समाजातली. लोकांची बोली तिची बोली. तिने माझा हात धरला. “डॉक्टर, ती खोटं सांगते. महिना झाला पोर आजारी आहे. तुम्ही ओरडता म्हणून काल म्हणाली.” आणि तिने त्या पोराच्या पावलावर अंगठा दाबून दाखवला. खळगा पडला, आणि तसाच राहिला.

तो गुबगुबीतपणा सूज होती. महिनाभर उपासमारीने आणि आजाराने झिजलेले पोर, त्याचे हृदय कागदासारखे झालेले, आणि मी त्याच्यात पाणी ओतत होतो. अशा मुलाला घोटाघोटाने, चमच्याचमच्याने आणायचे असते. वेगाने दिलेले सलाईन त्याला बुडवते. हे मी पुस्तकात वाचले होते. पावलावर अंगठा दाबायलाही कोणी मला बंदी केली नव्हती. मी ते केले नाही, कारण मी निदान करायला बसलोच नव्हतो. मी निवाडा करायला बसलो होतो.

पोर वाचले. मावशीने रात्रभर चमच्याने भरवले. ती आई मात्र पुन्हा कधी माझ्या दवाखान्याची पायरी चढली नाही, आणि मला तिचा राग आला नाही.

आपल्या भाषेत ‘दोष’ हा मोठा गंमतीचा शब्द आहे. वैद्याच्या तोंडी तो वात-पित्त-कफ यांच्यासाठी येतो आणि तिथे त्यात कोणाची निंदा नसते. पित्त वाढले म्हणून पित्ताला कोणी शिव्या देत नाही. तोच शब्द ओसरीवर आला की गुन्हा होतो. ‘निदान’ या शब्दाचेही तसेच. माधवनिदानातले निदान म्हणजे रोगाचे मूळ कारण; रोजच्या बोलण्यातले निदान म्हणजे ‘कमीत कमी’. निदान एवढे तरी सांग, असे आपण म्हणतो. मला वाटते या दोन अर्थांच्या मधे डॉक्टरची सगळी विद्या आहे. समोरच्याने ‘निदान एवढे तरी’ सांगावे असे वातावरण असेल तरच मूळ कारणाचे निदान होते. आणि कारण म्हणजे गुन्हेगार असे एकदा ठरले की ते कोणी सांगत नाही; आई सांगत नाही, बायको सांगत नाही, आणि पोवळ्याला तर तोंडच नाही.

भगतावर मी त्या काळी तुटून पडे. त्याच्या विद्येवर आजही माझा विश्वास नाही, आणि रोगाचे खापर एखाद्या बाईवर फोडून तिला डाकीण ठरवणाऱ्यांविरुद्ध २०१३ साली आपल्या राज्याने कायदा केला तो योग्यच केला. पण नंतर माझ्या ध्यानात आले की त्या रात्री मीही तेच करीत होतो. असला भगत दोष शेजारणीवर टाकी, मी तो आईवर टाकी. दोघांचीही नजर पोराच्या पावलावर नव्हती.

इथवर लिहून मला समाधान वाटायला हवे होते. पण माझ्याच म्हणण्यात एक भोक आहे आणि ते झाकून दिवाळी अंकाच्या वाचकाला फसवणे बरे नव्हे. कोणाला दोष देऊ नका, नुसते कारण शोधा, हे घरात ठीक आहे. समुद्रात काय? २०२४ च्या उन्हाळ्यात लक्षद्वीपची पोवळी पांढरी पडली; १९९८, २०१० आणि २०१६ मध्येही पडली होती. त्याच वर्षी एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केले की अशी जगभरची ही चौथी साथ आहे. तिथे कोणी इतिहास लपवलेला नाही. समुद्र का तापतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. दिवा कुठे आहे ते दिसते आहे, कोणी लावला तेही दिसते आहे, आणि तो मंद होत नाही. तिथे मी जाऊन ‘दोष कोणाला देऊ नका’ म्हणालो तर ज्यांचे दिवे सर्वांत मोठे आहेत तेच माझ्या गळ्यात हार घालतील. असले शहाणपण नेहमी सोयीच्या बाजूला जाऊन बसते.

मी स्वतःपुरता एवढाच फरक करतो की लाजेने ज्याचे तोंड बंद होते त्याला आधी बोलते करावे; ज्याला लाज उरलेलीच नाही त्याला दोष द्यायला हरकत नाही. हा फरक प्रत्येक वेळी करता येतो असे नाही. मुलीला भेटायला मी दर दोन वर्षांनी विमानाने जातो. त्या विमानाचा धूर कोणाच्या खात्यावर मांडायचा हे मला कोणी विचारलेले नाही आणि मीही, त्या आईसारखाच, कोणी ओरडेपर्यंत सांगितलेले नाही.

दुसऱ्या दिवशी मी जावईबापूंना फोन केला. ‘तुमच्या दिव्याने पोवळे जाळले’ असे म्हटले नाही. “बापू, दिवा उत्तम आहे, पण पोवळ्याला त्याची सवय नाही. आपल्याकडे नव्या नवरीला पहिल्याच दिवशी सगळं घर सांभाळायला देत नाहीत,” असे म्हणालो. ते हसले, आणि मग क्षणभर थांबून म्हणाले, “मला वाटलंच होतं. पण तिला आवडला होता ना!” म्हणजे त्यांनाही संशय होता! ती त्यांच्यासाठी गप्प, ते तिच्यासाठी गप्प, आणि मधे ते मुके हातोडीचे पोवळे दिवसेंदिवस पांढरे होत चाललेले.

त्या संध्याकाळी त्यांनी दिवा मंद केला आणि पेटीवर बारीक जाळी अंथरली. बाटल्या कपाटात गेल्या. पोवळे आहे तिथेच ठेवायचे, हात घालायचा नाही, दर आठवड्याला एक फोटो काढायचा, त्याच वेळी, त्याच उजेडात, आणि तो मला पाठवायचा, असे ठरले. पहिल्या तीन फोटोंत काही फरक नव्हता आणि तिसऱ्याच्या वेळी तिचा हात पुन्हा शिवशिवला होता. मी नाही म्हणालो. चौथ्यात बोटे थोडी बाहेर आली होती. गेल्या रविवारचा फोटो सहावा. बुंध्याशी, काळजीपूर्वक पाहिले तर, चहाच्या डागासारखी पुसट तपकिरी छटा दिसते. भाडेकरू परत येतो आहे. पूर्ण येईल की नाही ते इतक्यात सांगणे घाईचे होईल.

फोटोबरोबर मुलीचा निरोप होता. तो तिने इतके दिवस का पाठवला नव्हता हे मी विचारलेले नाही. “बाबा, एक सांगायचं राहिलं होतं. दिवा लागायच्या आधीच्या आठवड्यात काच पुसताना माझ्याच हातून तो दगडावरून पडला होता. एका बाजूला थोडा तुटला. त्यानेही काही झालं असेल का?”